आतल्या खोलीतला पिवळा उजेड

माझी पहिली नोकरी चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीत, एका वंगणाच्या कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. शेडवर ‘संशोधन विभाग’ अशी पितळी पाटी होती आणि ती पाटी सोडली तर बाकी सगळं कुठून ना कुठून मागून आणलेलं होतं. टेबलं कँटीनची, पंखा हजेरीखात्याचा, आणि मी माझ्या प्राध्यापकांनी सुचवलेली, म्हणजे तीही मागून आणलेलीच. सत्तरचं दशक संपून ऐंशीचं लागत होतं. अंगात एम.एस्सी.ची रग होती आणि ती जिरवायला याहून चांगली जागा मला मिळाली नसती.

विभागाचे प्रमुख म्हणजे मालकांचे धाकटे भाऊ. मालकांना सगळे मोठे साहेब म्हणायचे, म्हणून हे धाकटे साहेब. ते परदेशातून डॉक्टरेट घेऊन आले आणि येताना तिथल्या विद्यापीठाने मोडीत काढलेला एक लेसर आणि उजेडाचा वर्णपट नोंदवायचं यंत्र बोटीने घेऊन आले. ‘पुरावा काय?’ हा त्यांचा आवडता प्रश्न. आज उकडतंय म्हटलं तरी पुरावा काय. देव, नवस, मुहूर्त यांचं नुसतं नाव काढलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. यंत्र आतल्या खोलीत होतं. त्या खोलीला एकच कुलूप, कुलपाला एकच चावी, आणि ती चावी साहेब आपल्या जानव्याला बांधून ठेवायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी माझी नजर ओळखली. “या दोऱ्याचा एवढाच उपयोग उरलाय,” ते म्हणाले. कुलूप उघडताना त्यांना शर्टाची वरची बटणं सोडून दाराशी वाकावं लागे. मागून पाहणाऱ्याला साहेब दाराला नमस्कार करताहेत असं वाटायचं.

आम्ही तिथे करत काय होतो, ते सांगते. कारखान्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइडची काळी पूड यायची, ती ग्रीसमध्ये कालवून विकायची, हा धंदा. कामगार तिला मोली म्हणत. एकदा बोटांना लागली की आंघोळीलाही दाद देत नसे. या मोलीचे मोठे, काळे, चकचकीत स्फटिकही मिळतात आणि ते अर्धवाहक असतात. त्यांची रचना म्हणजे भाकऱ्यांची चवड. एकेक थर आतून घट्ट विणलेला, पण दोन थरांमधली ओढ अगदी लेचीपेची. म्हणून तर मोली निसरडी. चिकटपट्टी लावून ओढली की वरचा पापुद्रा अलगद निघून येतो. आता कुठल्याही स्फटिकातले अणू जागच्या जागी थरथरत असतात. इथे एका थरातले अणू एकमेकांशी धसमुसळेपणा करतात, ती थरथर जलद. शिवाय अख्खा थरच शेजारच्या थरावर मागेपुढे झुलतो, ती थरथर संथ आणि मऊ. स्फटिकावर लेसरचा निळा झोत टाकला की परत येणाऱ्या उजेडात या सगळ्या थरथरींच्या खुणा असतात. यंत्राचं पेन कागदावर सरळ रेघ ओढत जातं आणि खूण आली की उंचवटा काढतं.

जलद थरथरींचे उंचवटे आम्हाला लवकरच मिळाले. साहेबांना हवा होता तो झुलणाऱ्या थरांचा. तो लेसरच्या स्वतःच्या उजेडाला इतका खेटून असतो की त्या झगमगाटात बुडून जातो. तो सापडला तर कुठल्या पोत्यातली मोली किती निसरडी आहे हे चिमूटभर नमुन्यावरून सांगता येईल, असं साहेबांनी मोठ्या साहेबांना पटवलं होतं. मला ते फारसं पटलं नव्हतं, पण मला कोणी विचारलंही नव्हतं.

माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. घरात एवढं शिकलेली मी पहिली, म्हणून त्यांना माझ्या कामाचं भारी कौतुक. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, “ते थरथरतंय ते दिसतं का?”

“नाही.”

“ऐकू येतं?”

“नाही.”

“मग पगार कशाचा देतात?”

मी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

न दिसणाऱ्या थरथरीमागे आम्ही लागलो होतो आणि दिसणाऱ्या थरथरीने आमचा जीव खाल्ला होता. कुंपणापलीकडे लोखंड ठोकून घडवायचा, फोर्जिंगचा कारखाना होता. तिथला हातोडा पडला की आमच्या शेडचे पत्रे वाजत, आरसे हलत आणि पेन कागदभर भुतासारखं नाचे. साहेबांनी टेबलाच्या पायांखाली स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूबा घातल्या. त्याने टेबल हातोड्याबरोबर हलायचं थांबलं आणि स्वतःच्या मर्जीने हलायला लागलं. गुरुवारी वसाहतीची सुट्टी, हातोडा बंद. पण गुरुवारी वीजही बंद. त्यामुळे हातोडेवाल्यांची जेवणाची सुट्टी हीच आमची विज्ञानाची वेळ. पलीकडे डबे उघडले की इकडे आम्ही लेसर सुरू करायचो, आणि पलीकडच्यांनी हात धुतले की थांबायचो. त्या नोकरीत मी गरम जेवल्याचं आठवत नाही.

लेसर तापायचा, म्हणून त्याच्याभोवती सतत पाणी खेळवावं लागे. ते पाणी मामा बघायचे. मामा मोशीचे, पन्नाशीचे, अंगाने शिडशिडीत. शेडबाहेर टाकी होती, टाकीशी पंप होता आणि पंपाशी एका उलट्या डब्यावर मामा. नळाचा जोर कमी झाला की ते पंप चालू करत आणि दाराशी येऊन ओरडत, “ताई, पानी बसतंय, दिवा इझवा.” आतल्या खोलीत ते कधी आले नाहीत. त्यांना परवानगी नव्हती, आणि दारावर डोळ्याचं चित्र काढून त्यावर लाल फुली मारलेली पाटी असल्यामुळे त्यांची इच्छाही नसावी, असं मला वाटायचं.

मामा कायम नव्हते. कायम होण्याची वेळ जवळ आली की कंपनी त्यांना थोडे दिवस घरी बसवायची आणि मग नव्याने घ्यायची, जणू हा माणूस आजच पाहिला. याचं त्यांना जेवढं दुःख होतं त्याहून जास्त दुःख बसचं होतं. मोशीवरून कंपनीची बस यायची. तिच्यात फक्त कायम कामगारांनी बसायचं. मामा रोज सायकल मारत यायचे आणि भोसरीच्या अलीकडे ती बस त्यांच्या अंगावर धूळ उडवून पुढे जायची. आत निम्म्या जागा रिकाम्या. “खिडकीत माझा चुलतभाऊ बसल्याला असतो,” मामा सांगत. “हात बी करतो मला.” हे सांगताना ते हसायचे, पण मला त्या चुलतभावाचा मनापासून राग यायचा.

त्या वर्षी मोठ्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत काही दाखवा, नाहीतर शेडमध्ये पिंपं ठेवू. उंचवटा मिळाला तर विभाग राहील आणि विभाग राहिला तर मामा कायम होतील, असा शब्द धाकट्या साहेबांनी दिला होता. तेव्हापासून मामा त्या उंचवट्याची चौकशी घरच्या आजारी माणसासारखी करायचे. “आज काय म्हनतोय?” मी मान हलवायची. मग ते पंपाकडे जाऊन बसायचे.

अशात खंडेनवमी आली. आमच्या भागात त्या दिवशी कारखान्यांचा अवतार पाहण्यासारखा असतो. लेथना हार, ड्रिलना हार, ट्रकच्या तोंडाला झेंडूच्या माळा, मिक्सरला हळदीकुंकवाची बोटं, आणि वर्षभर ज्या यंत्राला शिव्या घातल्या त्याच्यापुढे नारळ. आमच्याकडे मात्र साहेबांनी दारावर सूचना लावली होती, प्रयोगशाळेत पूजा करू नये. मामा सकाळपासून दाराशी घुटमळत होते.

“साहेब, निस्तं एक फूल ठिवतो. सगळ्या मशिनींची होतीया, आपलीच न्हाई बरी दिसत.”

“मामा, फुलाने थर झुलायला लागतात याचा पुरावा काय?”

मामांकडे पुरावा नव्हता. त्यांनी बाहेरच्या पंपाला माळ घातली, हळदकुंकू लावलं, आणि पंप प्रयोगशाळेत मोडत नाही अशी स्वतःची समजूत घातली. दुपारी पेढे वाटून कारखाना सुटला. मी पूजेतली नव्हे. आमचं घर बौद्ध, आमचा दसरा म्हणजे पांढरी साडी, विहार आणि खीर, त्यामुळे या वादात मी त्रयस्थ होते आणि पेढे मात्र खाल्ले. मी आणि मामा निघालो तेव्हा साहेब एकटेच शेडमध्ये होते. नवा स्फटिक बसवून ठेवतो, म्हणाले.

दसऱ्यानंतर कामावर आलो आणि जेवणाच्या सुट्टीत लेसर लावला, तर पेन एकदम कागदाच्या वरच्या कडेला जाऊन धडकलं आणि तिथेच खरखरत बसलं. साहेबांनी स्फटिकावरचं झाकण किलकिलं केलं. निळ्या झोताखाली काळा स्फटिक पिवळसर हिरवा उजळला होता. असा उजेड मोलीच्या स्फटिकातून कोणी पाहिलेला नव्हता. साहेब जमिनीवर बसले. मग उठले, मग परत बसले. “स्वयंप्रकाशी थर,” ते म्हणाले, आणि त्या दिवसभर त्यांनी कशाचाही पुरावा मागितला नाही.

संध्याकाळपर्यंत मोठ्या साहेबांना कळलं. पुण्याहून एका वयोवृद्ध प्राध्यापकांना बोलावायचं ठरलं. आनंदाच्या भरात धाकट्या साहेबांनी मामांना बसचा पास करून दिला. कायमचा कागद मागाहून येईल म्हणाले. दुसऱ्या दिवशी मामा बसमधून उतरले ते मी फाटकातून पाहिलं. इस्त्रीचा सदरा होता आणि भांग पाडलेला. “खिडकी मिळाली,” एवढंच मला म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की त्या पिवळ्या उजेडाबद्दल मनात जी शंका चुळबुळत होती ती मी दाबून टाकली.

ती फार दिवस दबली नाही. साहेब प्राध्यापकांना आणायला पुण्याला गेले तेव्हा पहिल्यांदाच चावी जानव्यावरून सोडून माझ्या हातात दिली. ते परतेपर्यंत सगळं तयार हवं होतं. मी लेसर लावला. उजेड होता, पण झोत एका जागी ठेवला की थोड्या वेळाने तिथला उजेड मंदावत जायचा. जरा सरकवला की पुन्हा ताजा. आता स्फटिक थकत नाही. थकतो तो रंग. मी चिकटपट्टी लावून वरचा पापुद्रा ओढला. खालचा स्फटिक झोतात काळा ठिक्कर. आणि पट्टीवर पुसट पिवळा डाग.

बाहेर टाकीच्या नळाशी हात धुवायच्या साबणाचा तुकडा होता, कपड्यांचाच. मी पट्टी ओली केली आणि डागावर साबण घासला. डाग लाल झाला. आपल्याकडे ज्याने एकदा तरी जेवणाचे डाग पडलेला सदरा धुतलाय त्याला यापुढचं सांगायला नको.

मामा मागे उभे होते. “हळद हाय ही,” ते म्हणाले.

“तुम्ही लावलीत?”

“न्हाई ताई. मी आत कवा जातो?”

हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की उजेड गेला म्हणजे काय काय गेलं. त्यांनी वरच्या खिशावरून हात फिरवला, पास तिथे होता. मला त्या क्षणी तो साबण मोरीत टाकून द्यावासा वाटला. पण प्राध्यापक आंधळे नव्हते, आणि असला उजेड खोटा पडायचा तर आमच्या हातून पडलेला बरा.

गाडी आली. धाकटे साहेब, मोठे साहेब आणि प्राध्यापक असे उतरले. मी धाकट्या साहेबांना बाजूला घेतलं, लाल डाग दाखवला, पिवळ्याचा लाल कसा झाला ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, मग तापला. ते सरळ बाहेर मामांकडे गेले. एरवी मामांना ‘तुम्ही’ म्हणणारा माणूस, पण आवाज चढला तसा आदर उतरला.

“तुला सांगितलं होतं ना पूजा करू नको म्हणून? सगळ्या कामाचं वाटोळं केलंस. तो पास ठेव इथे आणि चालू लाग.”

“म्या पंपाला केली साहेब. आत पाऊल न्हाई टाकलं.”

“मग हळद काय उडून आली?”

मामांनी खिशातून पास काढला. वाद घालायचा असतो हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. दर वर्षी घरी बसायची सवय. पास हातात धरून ते, तो कुठे ठेवायचा म्हणून, टाकीच्या कठड्याकडे बघत होते. ते पाहून माझ्या डोक्यात तिडीक गेली. नोकरी गेली तर गेली, असं मी त्या वेळी ठरवलं वगैरे नाही. तोंडातून निघून गेलं.

“साहेब, आतल्या खोलीला एकच चावी आहे. नवमीला ती तुमच्या जानव्याला होती.”

पलीकडे हातोडा पडत होता. आम्ही सगळे धाकट्या साहेबांच्या शर्टाच्या बटणांकडे बघत होतो. मोठ्या साहेबांनी आधी भावाकडे पाहिलं, मग आपल्या गाडीकडे. गाडीच्या आत, स्टिअरिंगवर, हळदीचं एक जाड बोट उमटलेलं होतं.

“आईने तुलाही पुडी दिली होती?” त्यांनी विचारलं.

धाकटे साहेब चष्मा पुसायला लागले. “दादा, ती रडायलाच लागली. म्हणाली, माझ्यासाठी लाव. मी फक्त स्फटिक बसवायच्या धातूच्या पट्टीच्या कडेला लावली. एक टिंब.”

त्याच बोटांनी त्यांनी मग स्फटिक बसवला होता.

मोठे साहेब पोट धरून हसले. प्राध्यापकांनी हसू मिशीत ठेवलं. मला हसू आलं नाही. साहेबांनी हळद लावली याचं मला काहीच वाटत नव्हतं. आईचं मन राखलं, चांगलं केलं. पण स्वतःच्या चिमूटभर हळदीपायी ते एका माणसाला घरी पाठवायला निघाले होते, आणि ते खोटं बोलताहेत हे त्यांना माहीत होतं. हा राग माझा अजून गेलेला नाही आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

“आलोय तर बघू,” प्राध्यापक म्हणाले. “तो स्फटिक पुसून काढा, वरचा थर ओढून टाका. तुमच्या शेजाऱ्यांची जेवणाची सुट्टी कधी असते?”

सुट्टीचा भोंगा झाला तेव्हा मी पंपाकडे पाहिलं. मामा आपल्या डब्यावर जाऊन बसले होते आणि त्यांनी पंप चालू केला होता. कोणी सांगितलं नव्हतं. पास त्यांच्या हातातच होता. हातोडा थांबला, लेसर लागला, पेन लेसरच्या झगमगाटातून उतरत आलं आणि उताराच्या पायथ्याशी, अगदी जिथे असायला हवा तिथे, त्याने एक लहानसा उंचवटा काढला. उंचवटा कसला, पुरळ म्हणा. प्राध्यापकांनी भिंग काढून तो पाहिला आणि मान डोलावली. अख्खे थर झुलत होते. हळदीशिवाय.

मोठ्या साहेबांना तो दिसलासुद्धा नाही, पण प्राध्यापकांची मान त्यांना दिसली आणि तेवढ्यावर विभाग वाचला. निघताना मोठे साहेब मामांजवळ थांबले आणि म्हणाले, “पास खिशात ठेवा, मामा.” दिवाळीला मामा कायम झाले. धाकट्या साहेबांनी त्यांची माफी मागितली नाही. ते पुन्हा ‘तुम्ही’ म्हणायला लागले, हीच माफी असं त्यांना वाटत असावं. पुढे कित्येक वर्षांनी मी वाचलं की मोलीचा एकच सुटा थर खरोखर उजळतो, चिकटपट्टीनेच काढलेला. पण तो लाल.

पुढच्या खंडेनवमीला दारावर सूचना नव्हती. साहेबांनी बटणं सोडली, चावी जानव्यावरून काढली आणि मामांपुढे धरली. “मामा, यंदा आत तुम्हीच करा पूजा. फक्त स्फटिकाला हात लावू नका.”

मामांनी चावी घेतली. कुलूप उघडून आत गेले, दार लोटून घेतलं. बराच वेळ आले नाहीत. मी बाहेर, साहेब बाहेर. बाहेर आले तेव्हा त्यांच्या ताटातली हळद, कुंकू, फूल सगळं जसंच्या तसं होतं.

“का हो मामा, पूजा?” साहेबांनी विचारलं.

“न्हाई केली. निस्तं बघून आलो.” त्यांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि चावी साहेबांच्या हातावर ठेवली. “ज्या खोलीपायी मला घरी धाडत हुता, ती एकदा बघायची हुती.”

मग ते पंपाला माळ घालायला गेले. त्या दिवशी कारखाना लवकर सुटला आणि ते बसला जागा धरायला निघाले.